आयहेटगॉड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा बँड कुठला? कधीपासून वाजवतोय?

अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यातलं न्यू ऑर्लिन्स शहर हे स्लज मेटल वाजवणाऱ्या या बँडचं गाव. १९८८ मध्ये गिटारवादक जिमी बॉवर आणि ड्रमर जोई लकाझ यांनी बँड सुरू केला. थोड्याच दिवसांत माइक विल्यम्स गायक म्हणून आला आणि आजही तोच गातो. बेसवर सुरुवातीच्या वर्षांत माणसं बदलत राहिली. गेली वीसेक वर्षं तिथे गॅरी मेडर आहे. दुसरा गिटारवादक ब्रायन पॅटन १९९३ च्या अल्बमच्या सुमारास आला आणि २०१८ पर्यंत राहिला.

पस्तीसहून अधिक वर्षांत स्टुडिओ अल्बम फक्त सहा. हा आकडा ऐकून लोकांना वाटतं की मंडळी आळशी असावीत. पुढची उत्तरं वाचलीत तर सहा झाले कसे, याचंच नवल वाटेल.

स्लज मेटल म्हणजे नेमकं काय?

स्लज म्हणजे गाळ, रेंदा. पावसाळा संपल्यावर गटारातून फावड्याने उपसून रस्त्याच्या कडेला ठेवतात तो. संगीताला दिलेलं नाव इतकं चपखल बसल्याची उदाहरणं कमी आहेत.

वंशावळ सांगायची तर ब्लॅक सबाथ या इंग्लिश हेवी मेटल बँडपासून सुरुवात करावी लागते. त्यांच्या टोनी आयोमीची बोटांची टोकं कारखान्यातल्या अपघातात तुटली होती. पुढे त्याने तारा सैल करून खालच्या पट्टीत वाजवायला घेतलं आणि गिटारला तो जड, खाली ओढणारा आवाज मिळाला. दुसरा धागा हार्डकोर पंकचा, म्हणजे वेगवान, रागीट रॉकचा. कॅलिफोर्नियाचा ब्लॅक फ्लॅग वेगासाठी प्रसिद्ध होता, पण १९८४ च्या 'माय वॉर' या अल्बमची दुसरी बाजू त्यांनी अचानक संथ, रखडत वाजवली. त्यांचे बरेच चाहते तेव्हा चिडले. वॉशिंग्टन राज्यातल्या मेल्व्हिन्सनी मात्र तीच वाट धरली आणि ती आणखी जड केली.

न्यू ऑर्लिन्सच्या पोरांनी हे सगळं ऐकलं होतं. त्यांनी त्यात ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं दुःखाचं गाणं, मिसळला. स्लजमधला राग पंकचा आहे, वजन सबाथचं आहे आणि चाल ब्लूजची आहे. यातली चालच बहुतेकांच्या कानातून निसटते, म्हणून तिच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

इतकं संथ का? संथ वाजवणं सोपं नसतं का?

मुळीच नाही. आपल्याकडे शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. विलंबित ख्यालात तबलजीचा कस लागतो, तो दोन मात्रांमधल्या मोकळ्या जागेमुळे. द्रुत लयीत चूक वाहून जाते. विलंबितात ती सगळ्यांना दिसते.

आयहेटगॉडचा एखादा संथ रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा छोटा तुकडा) लावा आणि मांडीवर थाप देत मोजून बघा. पहिल्या दोन-तीन आवर्तनांत तुमची थाप ड्रमच्या आधी पडेल. लकाझचा हात किंचित मागे राहतो. लय सुटलेली नसते, तो तिला मागे रेलून बसवतो. सगळी माणसं एकाच ठोक्यावर, पण जराशी उशिरा उतरतात, आणि तेवढ्या उशिरात रिफ झुलायला लागतो. हे झुलणं न्यू ऑर्लिन्सचं आहे. त्या शहरात अंत्ययात्रेत बँड वाजतो. स्मशानात जाताना पावलं ओढत वाजवलेली संथ सुरावट, परतताना नाचाची. अशा गावात वाढलेल्या ड्रमरच्या मनगटात सरळसोट ठोका येणारच नाही, असं माझं मत आहे. जगभरात या बँडची नक्कल करणारे शेकड्यांनी आहेत. त्यांच्याकडे घाण आवाज असतो, सैल तारा असतात, किंचाळी असते. झुलणं नसतं, आणि म्हणून ते तिसऱ्या मिनिटाला कंटाळा आणतात.

बॉवर स्वतःही पट्टीचा ड्रमर आहे, हेही लक्षात घ्या. गिटार वाजवतानाही तो रिफ ड्रमरच्या डोक्याने बांधतो.

गाण्यांच्या मध्ये ती जी शिट्टीसारखी किंचाळ ऐकू येते, ती रेकॉर्डिंगची चूक आहे का?

नाही. तो फीडबॅक आहे. गिटार अँपच्या (तिचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्राच्या) समोर धरली की स्पीकरमधून येणारा आवाज तारांना पुन्हा थरथरवतो, तो थरथराट पुन्हा अँपमध्ये जातो, आणि हे चक्र फुगत जातं. लग्नाच्या हॉलमध्ये माइक स्पीकरजवळ नेला की जो 'कुंईऽऽ' आवाज होतो, त्याच जातीचा. बहुतेक गिटारवादक तो लगेच हाताने दाबून टाकतात. बॉवर आणि पॅटन तो वाढू द्यायचे. अँपकडे तोंड करून अर्धं पाऊल पुढे, अर्धं मागे, गिटारचा कोन थोडासा बदलून ते त्या किंचाळीचा सूर वर-खाली करत. मग अचानक तळहात तारांवर, क्षणभर शांतता, आणि रिफ.

मी या बँडच्या फीडबॅकला त्यांचं पाचवं वाद्य मानतो. गाणं सुरू होण्याआधीचा तो अर्धा-पाऊण मिनिट पुढे ढकलू नका. रिफ पडतो तेव्हा छातीवर जे वजन येतं, ते त्या प्रतीक्षेमुळे येतं.

नाव असं का? हे नास्तिक किंवा सैतानी बँडपैकी आहेत का?

नावातला 'आय' हा 'मी' या अर्थाचा नाही, 'डोळा' या अर्थाचा लिहिलेला आहे आणि सगळं नाव एक शब्द म्हणून सलग येतं. नाव धक्का देण्यासाठी आहे यात शंका नाही. पण गाण्यांमध्ये देवाधर्माशी भांडण जवळजवळ सापडत नाही. तिथे व्यसन आहे, कडकी आहे, दवाखाना, पोलीस, स्वतःचा तिटकारा आहे. सैतान, उलटे क्रॉस वगैरे सामान शोधणाऱ्यांनी दुसरीकडे जावं.

सुरुवातीच्या काळातली काही गाण्यांची नावं निव्वळ चीड आणण्यासाठी ठेवलेली आहेत. त्यातली एक-दोन मला आजही खटकतात आणि त्यांचं समर्थन मी करत नाही.

शब्द तर एकही कळत नाही. मग ऐकायचं काय?

विल्यम्सचे शब्द वाचले तरी त्यातून गोष्ट निघत नाही. ते तुकडे आहेत: औषधाच्या बाटलीवरची सूचना, पोलिसी कागदावरची ओळ, तापात बरळल्यासारखं वाक्य. तो कविताही लिहितो आणि त्याचं पुस्तकही निघालं आहे. १९९३ च्या अल्बमचं नावच घ्या, 'टेक ॲज नीडेड फॉर पेन'. अमेरिकेत वेदनाशामक गोळ्यांच्या डबीवर छापलेली ही सूचना: दुखेल तेव्हा घ्यावे. बस, एवढंच. पण ज्याचं दुखणं थांबतच नाही त्याने ती सूचना वाचली तर काय होईल, हा त्या अल्बमचा सगळा ऐवज आहे.

आवाजाबद्दल म्हणाल तर तो घशाच्या तळातून येणारा मेटलचा गुरगुराट नाही. उंच, फाटलेला, मदतीला हाक मारून मारून बसलेला आवाज आहे. शब्दांआधी तो ऐका.

अल्बमची माहिती क्रमाने सांगाल का?

'इन द नेम ऑफ सफरिंग' १९९० मध्ये एका छोट्या फ्रेंच कंपनीने काढला. पुढे जर्मनीच्या सेंच्युरी मीडियाने बँडला करारात घेतलं आणि १९९२ मध्ये तो पुन्हा प्रसिद्ध केला. अतिशय कच्चं रेकॉर्डिंग. तळघरातून येत असल्यासारखं. काहींना हाच सर्वांत प्रिय आहे, मला नाही.

'टेक ॲज नीडेड फॉर पेन', १९९३. माझ्या दृष्टीने बँड इथे खरा जन्मला. पॅटन आल्यामुळे दोन गिटार एकमेकांत गुंतल्या, ब्लूज वर आला, आणि लकाझचा हात मोकळा ऐकू येतो.

'डोपसिक', १९९६. ड्रग मिळेनासं झाल्यावर शरीराची जी अवस्था होते तिला रस्त्यावरच्या भाषेत हा शब्द आहे. ध्वनिमुद्रण बिली अँडरसनकडे होतं, मेल्व्हिन्स आणि न्यूरोसिससारख्या बँडांबरोबर काम केलेला माणूस. अल्बमसाठी काच फुटल्याचा आवाज हवा होता. विल्यम्सने स्टुडिओच्या जमिनीवर बाटली आपटली, हात खोलवर चिरला आणि त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. हा किस्सा चाहते फार चवीने सांगतात. मला तो ऐकताना वाईटच वाटतं, कारण त्या वर्षांत ही माणसं स्वतःच्या शरीराकडे कशी बघत होती ते त्यात उघड दिसतं. अल्बम मात्र जबरदस्त आहे, सहांपैकी सर्वांत वेगवान आणि सर्वांत हिंस्र.

२००० मध्ये 'कॉन्फेडरसी ऑफ रुइन्ड लाइव्ह्ज' आला. ठीकठाक. त्याच वर्षी जुनी सिंगल्स आणि विखुरलेली गाणी एकत्र करून 'सदर्न डिस्कम्फर्ट' हा संग्रह निघाला. सदर्न कम्फर्ट नावाची दारू न्यू ऑर्लिन्सचीच, तिच्या नावाची ही मोडतोड. २००१ मध्ये एक लाइव्ह अल्बम आला. नंतर थेट २०१४ चा 'आयहेटगॉड' आणि २०२१ चा 'अ हिस्टरी ऑफ नोमॅडिक बिहेवियर'.

२००० ते २०१४ एवढा खंड कशामुळे पडला?

काही कारणं साधी आहेत. बॉवर हा पँटेराचा गायक फिल अँसेल्मो याच्या डाउन या बँडमध्ये ड्रम आणि सुपरजॉइंट रिच्युअल या बँडमध्ये गिटार वाजवत होता आणि ते बँड मोठमोठे दौरे करत होते. पॅटन सॉइलेंट ग्रीन या बँडमध्येही होता. व्यसनं होतीच. पण मोठं कारण एकच: कतरिना.

कतरिना वादळात नेमकं काय झालं?

न्यू ऑर्लिन्स एका बाजूला मिसिसिपी नदी आणि दुसऱ्या बाजूला पाँचरट्रेन सरोवर यांच्यामध्ये बशीसारखं बसलेलं शहर आहे. त्याचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. पाणी बाहेर ठेवतात ते बांध आणि भिंती. २९ ऑगस्ट २००५ ला वादळ किनाऱ्याला लागलं, बांध फुटले आणि जवळजवळ ८० टक्के शहर पाण्याखाली गेलं. दिवसेंदिवस लोक छपरांवर बसून होते.

विल्यम्सचं घर वादळानंतरच्या आगीत जळालं. तो शहराबाहेर पडला आणि मॉर्गन सिटी नावाच्या गावात अमली पदार्थांच्या आरोपाखाली पकडला गेला. ते दिवस असे की राज्यातली न्यायालयं, कागदपत्रं, वकील, सगळंच विस्कटलेलं. तो सुमारे तीन महिने तुरुंगात राहिला. मित्रांनी आणि चाहत्यांनी पैसे जमवले, अँसेल्मोने जामिनासाठी मदत केली, तेव्हा सुटका झाली. घर नव्हतंच, म्हणून तो अँसेल्मोच्या जागेत राहायला गेला. तिथेच त्या दोघांनी गायक हँक विल्यम्स तिसरा याला ड्रमवर बसवून आर्सन अँथम हा हार्डकोर बँड उभा केला.

गेल्या शंभर वर्षांत न्यू ऑर्लिन्सवर असंख्य गाणी रचली गेली, बहुतेक प्रेमाची. पाणी ओसरल्यावर घराघरांत जो रेंदा राहिला, त्याचं संगीत या शहरातल्या काही पोरांनी सतरा वर्षं आधीच करून ठेवलं होतं. हा योगायोग आहे हे मला समजतं. तरी त्या काळातली छायाचित्रं बघताना माझ्या कानात त्यांचेच रिफ वाजतात.

जोई लकाझचं काय झालं?

२३ ऑगस्ट २०१३ ला तो गेला. वय ४२. कारण श्वसनक्रिया बंद पडणं. त्याला दम्याचा त्रास होता. युरोपचा दौरा आटपून बँड नुकताच परतला होता आणि पंचविसावं वर्ष चालू होतं.

नव्या अल्बमसाठी त्याचे ड्रम त्याआधीच ध्वनिमुद्रित झाले होते. उरलेल्यांपुढे दोन रस्ते होते, ते टाकून देणं किंवा त्यांवर अल्बम पुरा करणं. त्यांनी पुरा केला. गेलेल्या मित्राचा ठोका कानात घेऊन गिटार वाजवायची, त्याच्या मागे रेललेल्या लयीला धरून किंचाळायचं. 'आयहेटगॉड' २०१४ च्या मे महिन्यात आला. अल्बमला बँडचंच नाव दिलं ते मला फार योग्य वाटतं.

हेडफोन लावून त्यातले फक्त ड्रम ऐका. हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) कुठे किंचित उघडी ठेवली आहे, स्नेअरचा (खणखणीत वाजणाऱ्या ड्रमचा) ठोका कुठे मुद्दाम हलका आहे. दम लागणाऱ्या माणसाचे हात आहेत हे, आणि कुठेही घाई नाही.

त्याच्या जागी कोण आलं?

एरन हिल, २०१३ पासून. लकाझची नक्कल करत नाही. थोडा सरळ आणि जास्त जोरात वाजवतो. २०२१ चा अल्बम पूर्णपणे त्याचा आहे.

विल्यम्सचं यकृत बदललं हे खरं का?

खरं आहे. अनेक वर्षांच्या व्यसनाने यकृत निकामी होत गेलं आणि २०१६ पर्यंत तो मरणाच्या दारात होता. बँडने आधी ठरलेले कार्यक्रम रद्द न करता लॅम्ब ऑफ गॉड या बँडचा गायक रँडी ब्लाइद याला गायला उभं केलं. उपचारांच्या खर्चासाठी त्याच्या पत्नीने लोकांना आवाहन केलं आणि जगभरच्या चाहत्यांनी पैसे पाठवले. डिसेंबर २०१६ मध्ये प्रत्यारोपण झालं. २०१७ मध्ये तो पुन्हा मंचावर होता.

यकृत प्रत्यारोपण म्हणजे कुणाचं तरी घर त्याच रात्री उद्ध्वस्त झालेलं असतं. ज्या दात्याच्या कुटुंबाने होकार दिला, त्यांचे आभार कुठल्याही चाहत्याने मनात तरी मानावेत.

या बँडने व्यसनाचं उदात्तीकरण केलं, असं म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?

गाणी नीट ऐकली तर नाही वाटत. नशेची मजा त्यांत कुठेच नाही. आहे ती नशा उतरल्यावरची ओकारी, थरथर, लाज. पण गाण्यांभोवती जी दंतकथा विणली गेली, टीशर्टवर सिरिंज, मुलाखतींमध्ये जुन्या उपद्व्यापांचे किस्से, तिने नुकसान केलं. मी विशी-बाविशीतले असे चाहते पाहिले आहेत ज्यांना वाटायचं की हे संगीत करायचं तर तसंच जगायला हवं. लकाझ ४२ व्या वर्षी गेला. विल्यम्स दुसऱ्या कुणाच्या तरी यकृतावर जगतो आहे. चांगले रिफ यामुळे आले नाहीत, हे सगळं असूनही आले. या मुद्द्यावर मी वाद घालत बसत नाही.

क्रोबार, डाउन, ॲसिड बाथ यांच्याशी यांचं नातं काय?

एकाच आळीतली भावंडं म्हणा. कर्क विंडस्टीनचा क्रोबार न्यू ऑर्लिन्सचाच, जास्त सुरेल आणि जास्त दुःखी. बॉवरने त्यांच्याबरोबरही ड्रम वाजवले आहेत. डाउन हा अँसेल्मो, विंडस्टीन, बॉवर आणि कोरोजन ऑफ कन्फॉर्मिटीचा पेपर कीनन अशा मित्रांनी मिळून केलेला बँड. त्यांचा १९९५ चा पहिला अल्बम 'नोला' आयहेटगॉडच्या सगळ्या अल्बमपेक्षा किती तरी जास्त लोकांपर्यंत पोचला. ॲसिड बाथ जवळच्याच हूमा गावचा आणि वेगळ्याच वाटेने गेलेला. गाव लहान, वादक मोजके, म्हणून एकच माणूस तीन-तीन बँडांत दिसतो.

पॅटनने बँड का सोडला?

कुटुंबाला वेळ द्यायचा म्हणून, २०१८ मध्ये. तेव्हापासून बँड चौघांचा आहे आणि एकटा बॉवर गिटार वाजवतो. दोन गिटारींची ती वीण गेली, याची मला खंत आहे. पण 'नोमॅडिक बिहेवियर'मध्ये त्या रिकाम्या जागेत मेडरचा बेस पुढे आला. आणि एक मोठा बदल: विल्यम्सचे शब्द आता बऱ्याच ठिकाणी समजतात. अल्बमचं नावही प्रामाणिक आहे. प्रत्यारोपणानंतरची वर्षं या लोकांनी जवळजवळ गाडीतच काढली.

आपल्याकडे असं कुणी वाजवतं का?

पुणे-मुंबईकडचा डर्ज ऐका. २०१८ चा 'आह पुच' हा त्यांचा अल्बम स्लज आणि डूम (मेटलचाच आणखी एक संथ, जड प्रकार) यांच्या सीमेवरचा आहे, माया संस्कृतीतल्या मृत्युदेवतेवरचा. न्यू ऑर्लिन्सची नक्कल त्यात नाही, म्हणून तो मला आवडतो.

मी गिटार शिकतोय. हे रिफ वाजवायचे तर काय लागेल?

महागडं काही नाही. जाड तारा घ्या, त्या सैल सोडा आणि साधा ब्लूज स्केल पक्का करा. नंतर सर्वांत अवघड काम: एकच रिफ दहा मिनिटं वेग न वाढवता वाजवा. सहाव्या मिनिटाला हात आपोआप पुढे पळतो. तिथे त्याला धरा. ड्रम वाजवणारा मित्र असेल तर दोघे समोरासमोर बसा आणि एकमेकांचे खांदे बघत वाजवा. मेट्रोनोमवर (ठोके मोजून देणाऱ्या यंत्रावर) हे येत नाही.

पहिल्यांदा ऐकतोय. सुरुवात कुठून करू?

'टेक ॲज नीडेड फॉर पेन'पासून, आणि मोबाइलच्या स्पीकरवर नको. त्यातून खालचे सूर येतच नाहीत, नुसती किंचाळी उरते. बरे हेडफोन किंवा जुन्या म्युझिक सिस्टिमचे मोठे स्पीकर मिळाले तर उत्तम. घरात बाकी कुणी नसताना लावा. पहिल्या ऐकण्यात गायकाकडे लक्ष देऊ नका, ड्रमच्या मागे जा. नंतर एक-दोन दिवस जाऊ द्या आणि २०१४ चा अल्बम लावा. हात तोच आहे, एकवीस वर्षांनी थोरला झालेला.